पाच टनाची लाइन: कुर्डुवाडीच्या काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून फोन ठेवता. समोर बोलावं तर चहाचा कप तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत बसता. म्हणून हे चार लोकांदेखत लिहितोय. आता ठेवून दाखवा फोन.

रविवारी रात्री पावणेअकराला माझ्या छोट्या मालडब्याचं चौथं चाक लेथवरून, म्हणजे कातायच्या यंत्रावरून, उतरलं. चारही चाकं स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओळीनं मांडली आणि तुमचा मायक्रोमीटर, जाडी बारीक मोजायचं ते हत्यार, लावला. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान चाकात फरक एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मी दोनदा मोजलं. बायको म्हणाली, कणकेच्या डब्यापासून लांब ठेवा ते. पण मग तिनंही एक चाक उचलून ओट्यावर गडगडवून बघितलं.

हे पत्र वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. मी बँकेतला माणूस. लेथ बघितला होता तो आयटीआयच्या खिडकीतून. वेड मात्र लहानपणापासून बार्शी लाइटचं, म्हणजे आमच्याकडच्या अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेचं. आजी पंढरपूरला त्याच गाडीनं जायची. चालत्या गाडीतून उतरून, शेतातल्या शेंगा उपटून परत डब्यात चढणारा इसम आमच्या सोलापूर जिल्ह्यात प्रत्येक घरात होऊन गेलाय, तसा आमच्याही. रूळ रुंद झाले, ती गाडी गेली. तिचा निदान एक मालडबा स्वतःच्या हातानं करावा असं डोक्यात होतं. बार्शी लाइटचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, म्हणजे 30 इंच. हौशी लोकांच्या छोट्या रेल्वेचं एक ठरलेलं गेज 5 इंचांचं असतं. बरोबर सहावा हिस्सा. कॅलक्युलेटरही लागत नाही. जिन्याखाली सहा बाय आठची खोली होती. एक सेकंड हँड छोटा लेथ मिळाला. बेडवर, म्हणजे लेथच्या लांब पायावर, 180 मिमी व्यासाची वस्तू फिरेल एवढा.

तुमचं पहिलं येणं आठवतं? मावसभावानं "कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात टर्नर होते, लेथवर कातकाम करायचे, रिटायर झालेत, विचारून बघ" एवढ्यावर नंबर दिला होता. तुम्ही सकाळच्या गाडीनं आलात, काखेत कापडी पिशवी. लेथ तेव्हा मुलीच्या जुन्या अभ्यासाच्या टेबलावर होता. तुम्ही टेबलाला गुडघ्यानं हलका धक्का दिलात आणि चाळीस किलोचा लेथ पाळण्यासारखा डुलला. काही बोलला नाहीत. मग माझी खरेदी बघितलीत: ऑनलाइन मागवलेला नऊ कार्बाइड टूलांचा, म्हणजे फार कडक धारेच्या कापायच्या हत्यारांचा, लाल डबा, आणि टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या मागच्या सरकत्या टोकात, न जाणारा ड्रिल चक, म्हणजे ड्रिल धरायचा जबडा. हेडस्टॉकला, म्हणजे फिरणाऱ्या टोकाला, 3 नंबरचा मोर्स टेपर (निमुळत्या भोकाचं ठरलेलं माप), म्हणजे टेलस्टॉकलाही तोच, असं मी परस्पर ठरवलं होतं. तिथं 2 नंबर निघाला.

"किती गेले?"
"साडेआठ हजार."
"आणि लेथ किती चालला?"
"अजून नाही चालवला."

तेव्हा तुम्ही हसलात आणि विचारलंत, "बार्शी लाइटवाला ना तू? मग कॅल्थ्रॉप साहेबानं काय केलं ते ठाऊक असेल की."

ठाऊक होतं. 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आत्ताचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही लाइन सुरू झाली. ती बांधणाऱ्या इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉपनं रूळ हलके घातले, एका यार्ड लांबीला 30 पौंड वजनाचे. आणि डबा असो की इंजिन, कुठल्याही आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही असा नेम केला. इंजिन जड हवं तर आस वाढवा, रुळाला त्रास नको. त्या हलक्या रुळांवरून पुढं 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरज गाठली. पण हे सगळं मी पुस्तकी वाचलेलं होतं. तुम्ही लेथच्या बेडवर हात ठेवून म्हणालात, "ही तुझी पाच टनाची लाइन. हिच्यावर ब्रॉडगेजचं इंजिन चढवू नको."

त्या एका वाक्यानं माझे किती हजार वाचले ते तुम्हाला माहीत नाही. कार्बाइडला वेग लागतो, ताकद लागते आणि न थरथरणारं मशीन लागतं. माझ्याकडं तिन्ही नव्हतं. एचएसएसच्या, म्हणजे हायस्पीड स्टीलच्या, साध्या बिटला (कापायच्या दांडीला) धार लावली की ते हलक्या मशीनवरही लोण्यासारखं कापतं. तुम्ही एका लग्नपत्रिकेच्या मागं पेन्सिलीनं यादी लिहून दिलीत. डॉग चक (चारही जबडे वेगवेगळे हलणारा), डायल गेज (सुईनं बारीक फरक दाखवणारं) स्टँडसकट, 2 नंबरचा ड्रिल चक, रिव्हॉल्व्हिंग सेंटर, सेंटर ड्रिल दोन, 8 मिमीचे एचएसएस बिट चार, ऑइलस्टोन, डोळ्यांना चष्मा. खाली दोन रेघा मारून: "बाकी काही नको. हात बसला की बोलू." ती पत्रिका अजून लेथच्या मागं भिंतीवर आहे. वधूवरांची नावं भिंतीकडं तोंड करून.

स्टँडचा दिवस मी कधी विसरणार नाही. अँगलचं स्टँड करून भिंतीला बोल्टनं धरलं, लेथ त्यावर कसला. मला वाटलं झालं. तुम्ही एक गोल बार चकात धरायला लावलात, दोन टोकांना दोन पट्टे ठेवून मधला भाग बारीक कातून घेतलात. मग टूलची सेटिंग न हलवता दोन्ही पट्ट्यांवरून एकच हलका काप. मायक्रोमीटर लावला तर बाहेरचा पट्टा चार शतांश मिलिमीटरनं जाड. बोल्ट कसताना बेडला पीळ बसला होता. तुम्ही कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन मागितलात, मला वाटलं तहान लागली असेल. कात्रीनं पत्र्याची चिंधी कापलीत आणि टेलस्टॉककडच्या एका पायाखाली सरकवलीत. पुन्हा काप, पुन्हा माप. दुपारी तीनला दोन्ही पट्टे सारखे आले. जेवण राहिलं होतं, ते तुम्हाला आठवलंच नाही.

बिट घासायला शिकवताना मात्र तुम्ही निर्दयी होतात. निळं पडलं म्हणून एचएसएस मरत नाही, बोट मरतं, असं म्हणून माझ्याकडून पाच बिट घासून घेतलेत. पाचवा यादीत नव्हता, तो तुमच्या पिशवीतला. पितळेला वरचा उतार ठेवायचा नाही, नाहीतर टूल आत ओढलं जातं, हे मी तुमचं ऐकून नाही तर एक बुश वाया घालवून शिकलो.

आणि चावीचं. त्या दिवशी तुम्ही बाहेर पडलात आणि मी चकाचे जबडे कसायची चावी चकात तशीच ठेवून बटण दाबलं. चावी कानाजवळून भिंतीवर गेली. तिथला पोपडा अजून तसाच ठेवलाय. मी हे तुम्हाला लाजत सांगितलं. तुम्ही ओरडला नाहीत, त्याचंच जास्त लागलं. पुढच्या वेळी येताना स्प्रिंग आणलीत आणि चावीच्या टोकाला अशी बसवलीत की हात सोडला की चावी आपोआप बाहेर पडते.

मग चाकं आली. ओतकामाच्या साच्यासाठी सागवानाचा पॅटर्न, म्हणजे नमुना, तुम्हीच केलात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं म्हणून टक्काभर मोठा, कातायला वर अजून थोडा. कोल्हापूरकडून ओतून आलेली चाकं हातात घेतली तेव्हा भीतीच वाटली. मी डायल गेज काढला, तुम्ही परत ठेवायला लावलात. "ओबडधोबड बिडावर सुई वेडी होईल. खडू घे." चाक डॉग चकात, हळू फिरतंय, खडू जवळ नेला की जो भाग वर आहे तिथंच पांढरी रेघ उमटते. समोरचा जबडा सैल, हा घट्ट. पुन्हा खडू. रेघ लांबत लांबत पूर्ण गोल झाली की चाक मध्यावर आलं. पहिल्या चाकाला मला एक तास चाळीस मिनिटं लागली, चौथ्याला सात.

ओतकामाची साल वाळूनं कडक असते, म्हणून पहिला काप भीत भीत घ्यायचा नाही, सालीच्या खालून घ्यायचा. बीड कोरडंच कापायचं, तेल पडलं की भुकटीचा पॉलिश पेपर होतो आणि बेड खातो. मिनिटाला 65 फेऱ्यांवर माझी मोटर कुंथत होती, पण तिनं केलं. भोक आणि मागची बाजू एकाच सेटिंगवर. मग ट्रू चकात (तिन्ही जबडे एकदम हलणाऱ्या) एक खुंटा कातला, त्यावर चाक नटनं कसलं. कंपाउंड स्लाइड, म्हणजे टूल तिरकं सरकवणारा भाग, जवळपास 3 अंशांवर, कारण चाकाच्या धावेला 20 ला 1 असा उतार हवा. वळणावर बाहेरचं चाक मोठ्या घेरावर चढतं ते त्याच्यामुळं. शेवटचा काप चारही चाकांना क्रॉस स्लाइडच्या, म्हणजे टूल आडवं आत नेणाऱ्या भागाच्या, एकाच आकड्यावर. त्या आकड्यावर मी मार्करनं खूण केली होती आणि खुंटा सहा दिवस चकातून काढला नव्हता. घरात कुणाला त्या खोलीत जाऊ दिलं नाही. मुलीनं दारावर "कुर्डुवाडी वर्कशॉप, प्रवेश बंद" असा कागद चिकटवलाय.

काका, आसाचे बार आणलेत. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये 119 मिमी ठेवायचे, त्या मापाचा तुकडा कातून ठेवलाय. पण चाकं आसावर तुम्ही बसवायची, त्याशिवाय मी हात लावणार नाही. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं या. कडक भाकरी, शेंगाचटणी करायची ठरली आहे, आणि यावेळी जेवण आधी.

मायक्रोमीटर परत मागू नका. हवा असला तर लाल डबा न्या, त्यात सध्या स्क्रू ठेवतो.

आपला,
जिन्याखालचा कातारी
सोलापूर