‘यातल्या सगळ्यांनी शपथ घेतली आहे’

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

समोर बसून तुमचे आभार मानू लागलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितोय.

मी डेस्कवर नवा होतो. रात्रीचे साडेअकरा, शहर आवृत्तीचं पहिलं पान सुटायला आलेलं. दिल्लीत मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची बैठक झाली होती आणि मी हेडिंग दिलं होतं, ‘किचन कॅबिनेटची खलबतं’. पंतप्रधान आणि संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र खात्यांचे मंत्री, बस. मोजकी माणसं, बंद दार. मला शब्द चपखल वाटला. प्रूफ परत आलं तेव्हा ‘किचन’भोवती पेन्सिलीचा गोल होता आणि समासात तुमचं बारीक अक्षर: ‘यातल्या सगळ्यांनी शपथ घेतली आहे.’

‘किचन कॅबिनेट’ म्हणजे मंत्रिपद नसलेले, सत्ताधाऱ्याचे खासगी सल्लागार; हे तर शपथ घेतलेले रीतसर मंत्री. हेडिंग बदललं, पान सोडलं. मग टपरीवर चहा घेताना तुम्ही अँड्र्यू जॅक्सनची गोष्ट सांगितलीत. ते 1829 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले. युद्धमंत्री जॉन ईटन यांच्या पत्नी मार्गारेट यांच्याकडे इतर मंत्र्यांच्या घरच्या बायका पाऊल टाकेनात. त्या वादानं मंत्रिमंडळात उभी फूट पडली आणि 1831 मध्ये ते जवळजवळ सगळं बदलावं लागलं. जॅक्सन सल्ला घेत तो भलत्याच माणसांचा. एमस केंडल हे केंटकीतले संपादक, वॉशिंग्टनला येऊन अर्थखात्यात हिशेब तपासणारे. पण 1832 मध्ये जॅक्सन यांनी राष्ट्रीय बँकेच्या सनदेचं विधेयक नाकारलं, तेव्हा त्या संदेशाच्या मसुद्यात केंडल यांचा हात होता. ‘ग्लोब’चे संपादक फ्रान्सिस ब्लेअर त्याच गोटातले. दिवाणखान्यात बसणारे ते मंत्री आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरणारे ते हे, असं विरोधकांनी हिणवून म्हटलं. ‘हा शब्द टोमणा म्हणून जन्मलाय. कोणाला लावतोस ते बघून लाव,’ असं तुम्ही म्हणाला होतात.

आणखी एक गैरसमज तुम्ही काढलात. आपल्याकडे हा शब्द रुळला इंदिरा गांधींच्या काळात, त्यामुळे बाई पंतप्रधान म्हणून ‘किचन’, असं मी धरून चाललो होतो. शब्द त्यांच्या कारकिर्दीपेक्षा सव्वाशे वर्षांहून जुना! त्यात बाईपणाचा काही संबंध नाही. खरा प्रश्न एकच: निर्णयाची जबाबदारी कोणाच्या गळ्यात?

तो का महत्त्वाचा, हे 25 जून 1975 च्या रात्रीवरून तुम्ही समजावलंत. आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही आधी झाली, मंत्रिमंडळ दुसऱ्या दिवशी सकाळी बसलं. म्हणून 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं 352 व्या कलमात घातलं की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी अशी घोषणा काढू नये. ‘कॅबिनेट’ हा शब्द राज्यघटनेत आला तो तेव्हा. हे ऐकताना माझा चहा निवून गेला होता, अण्णा. एका शब्दामागे एवढं असतं, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

ते प्रूफ मी जपून ठेवलंय. गेल्या महिन्यात एका शिकाऊ मुलीनं जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीला ‘किचन कॅबिनेट’ म्हटलं, तेव्हा तिच्यासमोर तेच ठेवलं. तिनं दोनदा वाचलं आणि स्वतःच शब्द खोडला. तुमचं ऋण थोडंसं तिच्यापर्यंत पोचलं, असं वाटलं.

आता एक शंका. इस्रायलमध्ये पंतप्रधान गोल्डा मेयर निवडक मंत्र्यांना घरी बोलवायच्या आणि लोक त्याला ‘गोल्डाचं स्वयंपाकघर’ म्हणायचे. तिथे तर मोशे दायान यांच्यासारखे शपथ घेतलेले मंत्रीच बसत. मग आपल्या कसोटीचं काय करायचं? पुढच्या रविवारी पुण्याला येतोय, तेव्हा सांगा.

तुमचा,
डेस्कवरचा एक विद्यार्थी