आधी आवाज धर, मग पाना

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं, सोबतची सुट्या भागांची यादीही मिळाली. नवे शॉकअप, गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा आणि वर पॉलियुरेथेन बुशांचा (सांध्यांत बसणाऱ्या, कडक प्लास्टिकसारख्या नळ्यांचा) अख्खा संच! सगळं आहे, फक्त आवाज नेमका कसला हे कुठेच नाही. ‘मागून काहीतरी वाजतं’ यावर मी काय सांगणार? यादी तूर्त खिशात ठेव.

तुझी एमएक्स-५ पहिल्या पिढीची. माझदाने १९८९ साली ती आणली तेव्हा चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन आर्म, दिले होते. ही रचना सुरेख, पण सांधे भरपूर आणि बहुतेक सांध्यांत रबरी बुश. त्यात गाडी जेमतेम ९५० किलोच्या आसपास, आवाज दाबणारं अस्तर बेताचंच, डोक्यावर कापडी छत. मोठ्या गाडीत जे ऐकूही आलं नसतं ते इथे थेट कानाशी वाजतं. म्हणून प्रत्येक आवाज म्हणजे बिघाड असं धरू नकोस.

पहिलं काम हास्यास्पद वाटेल, पण करच. डिकी रिकामी कर. स्टेपनी, जॅक, हत्यारं, सगळं बाहेर. या गाडीची बॅटरीही डिकीतच असते. तिची पट्टी सैल असेल तर प्रत्येक खड्ड्याला अस्सल सस्पेन्शनसारखी ठक ऐकू येते. एक्झॉस्टच्या रबरी कड्या आणि त्याच्या वरचा पातळ पत्रा हाताने हलवून बघ. सस्पेन्शनवर येणारे निम्मे आळ खरं तर या मंडळींचे असतात, असं माझं मत आहे.

तरीही वाजतंय? मग मोकळ्या रस्त्यावर हळू चालव आणि कान दे. बारीक खडबडीवर खडखड होत असेल तर ब्रेक अलगद दाबून धर. आवाज थांबला तर तो ब्रेक पॅडचा किंवा कॅलिपरचा. थांबला नाही तर अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलंडू न देणाऱ्या दांडीच्या) टोकांच्या लिंकवर संशय घे. दोन्ही बाजूंच्या लिंक सोडवून बार बांधून ठेव आणि हळूच एक फेरी मार. वळणावर गाडी जास्त कलंडेल, जोरात नेऊ नकोस. एवढ्याने आवाज गेला तर चोर सापडला, आणि तोही यादीतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा स्वस्त. ॲक्सिलरेटर सोडताना किंवा पुन्हा दाबताना धप्प होत असेल तर ते सस्पेन्शन नव्हेच; डिफरेन्शियलची (मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीची) माउंट रबरं बघ. उभी गाडी दाबताना कुरकुरत असेल तर कुणाला तरी मागचा कोपरा दाबायला लाव आणि एकेका आर्मला बोटं टेकवून बघ. कुरकुर कानाआधी बोटांना कळते.

मोठ्या खड्ड्यात आदळल्यासारखी धडक बसत असेल तर शॉकअपच्या दांड्यावरचा बंप स्टॉप, म्हणजे धडक झेलणारा फोमचा तुकडा, तपास. जुन्या गाडीत तो फोम बहुधा भुसा होऊन गळून गेलेला असतो. या गाडीच्या सस्पेन्शनला मुळात हालचालीची जागा कमी, त्यामुळे बंप स्टॉप हा तिथे जवळजवळ दुसरी स्प्रिंगच आहे. आता विचार कर, त्यात तू आखूड स्प्रिंगा बसवणार! उरलीसुरली जागाही गेली. ती ओळ यादीतून मीच खोडतो.

आता बुश. गाडी स्टँडवर घे (नुसत्या जॅकवर घेऊन खाली शिरलास तर मैत्री संपली) आणि पहारीने हलकेच सांधा हलव. वरवरच्या भेगांना घाबरू नकोस. रबर लोखंडी नळीपासून सुटलं असेल किंवा नळी एका बाजूला सरकली असेल तर मात्र बदल, आणि बदलायचंच तर रबरच घाल. मूळ बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होताना ते पिळवटतं, घासत नाही, म्हणून गप्प असतं. पॉलियुरेथेन नळीवर घसरतं. ग्रीस आटलं की कुरकुर सुरू, शिवाय रस्त्याची थरथर जास्त आत येते. ट्रॅकवर पळवणाऱ्याला ते चालतं. तुझी तक्रार आवाजाची आहे, राजा.

बसवताना एक गोष्ट मात्र कोरून ठेव. चाकं लोंबकळत असताना रबरी बुशचे बोल्ट शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. तसे आवळले की गाडी खाली टेकताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट नुसते लागू करून ठेव, गाडीचं वजन चाकांवर येऊ दे, आणि मगच टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळ. चांगल्या कारागिरांकडूनही घाईत हे राहून जातं.

मागच्या खालच्या आर्मचा बाहेरचा लांब बोल्ट बहुधा आतल्या नळीत गंजून बसलेला असतो. गंज सोडवणारं तेल आधीपासून रोज मार, आणि नवा बोल्ट हाताशी ठेव. कधी कधी तो कापावाच लागतो. आतल्या बाजूला अलाइनमेंटचे (चाकांचा कोन जुळवणारे) कॅमवाले बोल्ट आहेत, त्यांच्या जागेवर रंगाची खूण कर. तरी शेवटी अलाइनमेंट करून घ्यावंच लागेल. मागचा टो (चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) बिघडला तर सरळ रस्त्यावरही ही गाडी बुजल्यासारखी वागते.

शॉकअप खोलायची वेळ आलीच, तर स्प्रिंग कॉम्प्रेसरने आवळल्याशिवाय वरच्या नटला हात लावू नकोस. दबलेली स्प्रिंग हाडं मोडते. वॉशर, रबर आणि नळी कुठल्या क्रमाने होती त्याचा फोटो काढ. एक नळी राहिली की नवाकोरा शॉकअपही ठकठक करतो.

तर आता मला सविस्तर लिही: ठक की कुरकुर, किती वेगाला, डावीकडे की उजवीकडे, गाडी थंड असताना की तापल्यावर, आणि लिंक सोडल्यावर काय झालं. फोन डिकीत ठेवून आवाज टिपलास तर तोही पाठव. मग यादीतलं काय मागवायचं ते ठरवू. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मकरंद