गमबूट धुणाऱ्या साहेबांना

साहेब, सादर नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात दोन शब्द बोला म्हणाले, तेव्हा मला उठवेना. म्हणून सगळ्यांच्या देखत लिहिते.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. आमचे हे अग्निशमन दलात, तिथे मदतीला गेले होते. घरी आले, पण धड आलेच नाहीत. पावसाचा जोर वाढला की मध्यरात्री पडवीत जाऊन बसायचे, डोंगराकडे कान लावून. ऑफिसात सांगितलं तर एक वरिष्ठ हसून म्हणाले, "रत्नागिरीला पाठवा त्याला." तिथे मनोरुग्णालय आहे ना, म्हणून विनोद! याच गृहस्थांनी सत्कारात ह्यांना शाल घालताना तीनदा फोटो काढून घेतला होता. घरच्यांनी बाधा म्हणून गाऱ्हाणं घातलं. त्यांचा राग नाही, निदान काळजी तरी होती.

मग तुम्ही बदलून आलात आणि एका संध्याकाळी घरी. आता उपदेश ऐकायचा, असं म्हणत मी चहा ठेवला. तुम्ही मागील दारी गेलात. ह्यांचे गमबूट तिथेच पडलेले, तळियेची माती सुकून दगड झालेली. कुणाला हात लावू देत नसत. "धुऊ का रे?" एवढंच विचारलंत. त्यांनी मान हलवली. अधिकारी माणूस पँट दुमडून न्हाणीच्या पाथरीवर बसला आणि काथ्याने माती खरवडू लागला. बऱ्याच वेळाने ह्यांनी दुसरा बूट ओढून घेतला. आणि बोलायला लागले. मी दारातूनच मागे फिरले.

जिल्हा रुग्णालय, गोळ्या हे पुढचं. त्यातही तुम्ही होतातच. पण केंद्रात काय बदललं ते आम्हा बायकांना विचारा. मोठ्या कॉलवरून बंब आला की आधी चहा, आधी बोलणं, मग घर. आणि पहिले तुम्ही बोलायचात. "मलाही झोप येत नव्हती, मीही डॉक्टरांकडे जातो," हे साहेबच म्हणाले म्हटल्यावर पोरांची भीड चेपली. १४ एप्रिलला, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांना मानवंदना झाली की तुम्ही फळ्यावर १४४१६ लिहायचात. टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, फुकट, रात्रीही लागतो.

परवा कुणीतरी तो पुसून ड्युटीचा तक्ता लावला. ह्यांनी शेजारच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलाय.

गणपतीला वहिनींना घेऊन या. गौरी जेवतात त्या दिवशी मात्र नको, घरात पाय ठेवायला जागा नसते.

तुमच्या एका जवानाची बायको