ती भिंत उतरवायला लावलीत म्हणून

अण्णा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. पण इंग्रजीत लिहायला बसलो की माझे आभार दोन शब्दांत संपतात. निघताना तेच दोन शब्द म्हणालो होतो, आणि तुम्ही टोपी जराशी वर करून ट्रकमध्ये जाऊन बसलात. म्हणून हे मराठीत. 'अण्णा' हे नावसुद्धा तुमच्या कानावर कधी आलं नसेल. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या तुमच्या वेव्हलँड गावात सगळे तुम्हाला 'मिस्टर' आणि पुढे पहिलं नाव अशी हाक मारायचे. मला आणि माझ्या सोलापूरच्या रूममेटला सत्तरीच्या माणसाला नावाने हाक मारायला जीभ वळेना, तेव्हा आपसात आम्ही तुमचे अण्णा करून टाकले.

2007 चा उन्हाळा होता. मी शेजारच्या लुइझियानात सिव्हिलचं एमएस करत होतो. ठरलेली इंटर्नशिप ऐन मे महिन्यात रद्द झाली. खोलीत बसून करायचं काय, म्हणून चर्चच्या एका गटाबरोबर वादळात गेलेली घरं दुरुस्त करायला दोन आठवड्यांसाठी आलो आणि नऊ आठवडे राहिलो. खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात सेवाभाव वगैरे काही नव्हता. राहणं-जेवण फुकट होतं.

कतरिना चक्रीवादळ येऊन गेलं ते 29 ऑगस्ट 2005 ला. पावणेदोन वर्षांनी काय दिसणार, असं मला वाटत होतं. हायवेच्या बाजूने ठीकच होतं, पण तुम्ही रेल्वे रुळांच्या पलीकडे, समुद्राच्या अंगाला नेलंत आणि तिथे गावच नव्हतं. काँक्रीटचे नुसते चौथरे, चौथऱ्यावर चढणाऱ्या तीन-तीन पायऱ्या, आणि ओकची जुनी झाडं. आठ मीटरच्या वर पाणी चढलं होतं. एका चौथऱ्यावर लाल स्प्रेने घरनंबर लिहिला होता. "हे माझं," एवढंच म्हणून तुम्ही गाडी वळवलीत. तुम्ही स्वतः सरकारने दिलेल्या पांढऱ्या ट्रेलरमध्ये राहत होतात आणि दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती उभ्या करत होतात. तुमचा विमा वाऱ्याचा होता. घर नेलं ते पाण्याने, असं कंपनीचं म्हणणं. चौथऱ्याशिवाय काहीच उरलं नसेल तर आधी वारा आला की आधी पाणी, हे सिद्ध करायचं तरी कशावरून? सगळ्या किनाऱ्यावर तेव्हा हाच वाद चालू होता.

आता त्या भिंतीकडे येतो.

शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या त्या बाईंचं घर रुळांच्या अलीकडे, म्हणून उभं राहिलेलं, पण आढ्यापर्यंत भिजलेलं. पुढच्या दारावर शोधपथकाने मारलेली फुली तशीच होती: वरच्या कोनात तारीख, खालच्या कोनात शून्य, म्हणजे आत कोणी सापडलं नाही. एक ठेकेदार आगाऊ पैसे घेऊन पसार झाला होता, त्यामुळे आमच्यासारख्या फुकट्यांची वाट बघण्यावाचून त्यांना इलाज नव्हता. आतलं सगळं काढून घर लाकडी सांगाड्यावर आणलेलं होतं. बुरशी तारेच्या ब्रशने घासून काढली, औषध मारलं, पंखे लावले. ओल मोजायचं यंत्र तुम्ही रोज लाकडाला टोचायचात आणि मान हलवायचात, अजून नाही. ओलं लाकूड बंद केलं तर बुरशी आत पुन्हा धरते, हे पुस्तकात मीही वाचलं होतं. पण हातावर हात ठेवून आठ दिवस वाट बघायची असते, हे काही पुस्तकात नव्हतं.

नवव्या दिवशी तुम्ही हो म्हणालात आणि मी सुटलोच. शीटरॉकचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी कागद लावलेल्या जिप्समचे, चार बाय आठ फुटी अकरा तक्ते एका दिवसात ठोकले. संध्याकाळी शर्ट पिळून काढत तुमची वाट बघत होतो. तुम्ही आलात, बोटाच्या पेराने भिंत ठोकत ठोकत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेलात, चार फुटी लेव्हल लावलीत, मग खाली वाकलात.

"सगळं काढ."

तक्ते मी थेट जमिनीला टेकवले होते. खाली अर्धा इंच मोकळा सोडायचा असतो, नाहीतर फरशीवर जरा पाणी सांडलं तरी तक्ता ते वातीसारखं वर ओढतो. दोन सांधे खांबाच्या मध्यावर न येता हवेत लटकत होते. आणि निम्मे स्क्रू कागद फाडून आत गेले होते. कागद फाटला की स्क्रूने धरायला काही राहत नाही. मी बीम-कॉलमचं गणित करणारा माणूस, मला स्क्रू मारता येत नव्हता.

मला राग आला. फुकट तर करतोय, वर ही मिजास. म्हणालो, बाईंना कुठे कळणार आहे, त्यांना भिंत मिळाल्याचाच आनंद होईल. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "ती इथे झोपणार आहे," म्हणालात आणि ड्रिल उलटं फिरवून पहिला स्क्रू स्वतः काढलात. दहा वाजेपर्यंत आपण दोघांनी अकरा तक्ते उतरवले. चार वाया गेले, त्यांचे पैसे तुम्ही खिशातून भरलेत, हे मला पुढे महिन्याभराने दुसऱ्याकडून कळलं. दुसऱ्या दिवशी दिवसभरात माझे चारच तक्ते लागले. तुम्ही लेव्हल लावलीत, काही बोलला नाहीत. ते न बोलणं म्हणजे शाबासकी असते, हे मी माझ्या आजोबांमुळे ओळखत होतो.

सोमवारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये लाल बीन्स आणि भात असायचा. आम्हा दोघांना तो राजमा-चावलच वाटायचा. रूममेट त्यावर सोलापूरची शेंगाचटणी भुरभुरायचा. तुम्ही चिमूटभर चाखून दोन ग्लास पाणी प्यायलात आणि पुढच्या सोमवारी पुन्हा मागितलीत. अशाच एका सोमवारी तुम्ही मला गाव विचारलंत आणि मी किल्लारीचं सांगितलं. 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट, मी दहा वर्षांचा. तुम्ही माणसं किती गेली ते विचारलं नाहीत, भिंती कशाच्या होत्या ते विचारलंत. दगड नि मातीच्या, दोन-दोन फूट जाडीच्या, वर मातीचं माळवद, असं सांगितल्यावर तुम्ही बराच वेळ ताटात बघत राहिलात. तुमच्याकडे घर हलकं म्हणून वाहून गेलं, आमच्याकडे जड म्हणून अंगावर पडलं. आमच्या भागात तेव्हा कोण कुठून मदतीला आलं होतं, त्यांची नावं मला माहीत नाहीत. लहान होतो, बिस्किटाचे पुडे तेवढे आठवतात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला छपराखाली नेलंत आणि वासा भिंतीला बांधणाऱ्या लोखंडी पट्ट्या दाखवल्यात. एकेका पट्टीत किती खिळे, कुठल्या भोकात, सगळं. वाऱ्याने छप्पर उचललं तर भिंतीसकट उचलावं लागेल, असं बांधायचं. ऐकून घेतलं की पुन्हा माझ्याकडून वदवून घ्यायचात, आमचे गणिताचे सर पाढे म्हणून घ्यायचे तसं.

आता मी पुण्यात साइटवर असतो. नव्या पोरांना भिंत पेराने ठोकून बघायला लावतो, ती वैतागतात. ती वैतागली की मला तुमची फार आठवण येते. बाई ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घरात राहायला गेल्या आणि मी निघालो, त्यामुळे रंग लागल्यावर ती भिंत कशी दिसली ते मी पाहिलं नाही. नंतर तुमची दोन ख्रिसमस कार्डं आली, त्यापुढे नाही.

तुम्ही केलेल्या सगळ्यासाठी, आणि मुख्य म्हणजे त्या 'सगळं काढ'साठी, मनापासून आभार.

तुमचा,
लातूरचा पोरगा

ता. क. स्क्रू कागदाच्या आत जाऊ न देणारं ते ड्रिलचं टोक तुम्ही मला त्या रात्री दिलं होतंत. ते परत करायचं राहिलं. माझ्याकडेच आहे, जरा झिजलंय.