रायबोसोममधले बूच आणि ‘इम्युनिटी’चे काढे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेखात ‘प्रतिकारशक्ती कमी असेल, तरच विषाणू वरचढ ठरतो’ असे सरसकट विधान आहे. त्याच पानावर काढ्याची जाहिरात असल्याने ते अधिकच खटकले. धडधाकट माणसाच्या पेशीतही विषाणू आपले काम कसे साधतो, हे करोना विषाणूच्या ‘एनएसपी१’ या प्रथिनाच्या रचनेवरून कळते.

हे प्रथिन अवघ्या १८० अमिनो आम्लांचे. पुढचा भाग घट्ट गुंडाळलेला, मध्ये लवचिक दोरी आणि शेवटी दोन आखूड पीळ असलेली छोटी शेपटी. आपल्या पेशीतील रायबोसोम म्हणजे प्रथिने घडवणारे यंत्र. त्याच्या लहान भागात संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन कसे घडवायचे हे सांगणारा संदेश, ज्या खाचेतून शिरतो, नेमकी तिथेच ही शेपटी बुचासारखी बसते. २०२० मध्ये जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली हे बूच टिपले. १६४व्या स्थानावरचे लायसिन आणि १६५व्या स्थानावरचे हिस्टिडिन ही दोन अमिनो आम्ले बदलली, की ते बसतच नाही. सारा डोलारा या दोघांवर!

म्हणजे पेशीला विषाणूची चाहूल लागते, शेजारच्या पेशींना सावध करणाऱ्या इंटरफेरॉनचा संदेशही तयार होतो. पण तो वाचून प्रथिन घडवणारे यंत्रच तुंबलेले असते. विषाणूचा स्वतःचा आरएनए मात्र सुरुवातीच्या टोकाशी असलेल्या एका छोट्या वळशामुळे या कोंडीतून निसटतो. तुंबलेल्या खाचेपर्यंत काढ्यातली सुंठ कशी पोहोचणार, हे जाहिरातदारांनीच सांगावे.

लेखात आणखी एक घोटाळा आहे. इन्फ्लुएंझा विषाणूचे ‘एनएस१’ हे प्रथिन आणि डेंगीच्या चाचणीतले ‘एनएस१’ एकच मानले आहे. नावापलीकडे त्यांत साम्य नाही. डेंगीचे ‘एनएस१’ पेशीतून रक्तात उतरते, म्हणून तर तापाच्या पहिल्या दिवसांत ते रक्ततपासणीत सापडते. इन्फ्लुएंझाचे पेशीतच राहते आणि त्याच्या दोन प्रती जोडीने विषाणूची चाहूल देणाऱ्या दुपदरी आरएनएला बिलगून तो पेशीच्या पहारेकरी प्रथिनांपासून झाकतात. पावसाळ्यात घरोघरी डेंगीचे रिपोर्ट हातात येत असताना ही गल्लत किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

दोन्ही दुरुस्त्या येत्या पुरवणीत छापाव्यात आणि जमल्यास रायबोसोममधील त्या बुचाची आकृतीही द्यावी, ही विनंती.

आपला,
जीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सांगली