पेटंट मिळाले म्हणून फुप्फुसात ओढावे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इलेक्ट्रॉनिक घटक आणि श्वासावाटे घ्यावयाची पूरके (जीवनसत्त्वांसारखे पूरक पदार्थ) अशा दोन्ही क्षेत्रांत पेटंटे मिळवणाऱ्या अमेरिकी संशोधकावरील पानभर लेख कालच्या रविवार पुरवणीत वाचला. त्या गृहस्थांच्या चिकाटीविषयी माझ्या मनात आदरच आहे आणि लेखाच्या पूर्वार्धातील कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा घटक) व सर्किट यांविषयीच्या मजकुराबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती उत्तरार्धातील, चौकटीत ठळक टाइपात दिलेल्या विधानाबद्दल. ही पूरके पेटंटप्राप्त असल्यामुळे त्यांची शास्त्रीय कसोटी आधीच लागलेली आहे, अशा अर्थाचे ते विधान आहे. ते चूक तर आहेच, पण दमेकरी माणसाच्या हाती पडल्यास घातकही आहे. बडोद्यातील औषध कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात मी उभी नोकरी केली असल्याने हे पत्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

आपल्याकडील १९७०च्या पेटंट कायद्याप्रमाणे एखादी कल्पना नवी आहे, त्या विषयातील जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी नाही आणि उद्योगात तिचा वापर होऊ शकतो, एवढे दाखवता आले की पेटंट मिळू शकते. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे इतरांना ती वस्तू करण्यापासून रोखण्याचा हक्क त्याने मिळतो. ती वस्तू विकण्याची परवानगी त्याने मिळत नाही. गुजरातमधील अर्ज मुंबईच्या ज्या पेटंट कार्यालयात जातात तेथील तपासनीस कागद तपासतो, जुनी पेटंटे आणि शोधनिबंध धुंडाळतो. एखादी भुकटी छातीत गेल्यावर काय करते हे पाहणे त्याचे कामच नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासातच याचे मोठे उदाहरण आहे. संशोधक ज्युलियस लिलियनफेल्ड यांना फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टरचे (विजेचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या घटकाचे) अमेरिकी पेटंट १९३० साली मिळाले. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचीही पेटंटे त्यांच्या नावावर आहेत. परंतु आज प्रत्येक मोबाइलमध्ये असलेला त्या जातीचा ट्रान्झिस्टर बेल प्रयोगशाळेत अताला आणि कांग यांच्या हातून प्रत्यक्ष चालू झाला तो १९६०च्या सुमारास. म्हणजे पेटंट हाती होते, आणि वस्तू चालायला तीन दशके लागली. तेव्हा पेटंटांची संख्या मोजून वस्तूच्या गुणाची खात्री देता येत नाही, हे आपल्या लेखकाला त्याच पानावर, कपॅसिटरच्या परिच्छेदातच सांगता आले असते.

हे मी इतक्या कळकळीने लिहितो त्याचे कारण घरचे आहे. माझ्या वहिनी दांडिया बाजारात राहतात आणि त्यांना जुना दमा आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांनी ओळखीच्या दुकानातून जीवनसत्त्वे ‘ओढण्याची’ एक नळी आणली. पेनाएवढी, टोकाला निळे टोपण, आत पांढरी भुकटी आणि पुदिन्याचा वास. खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘पेटंटेड तंत्रज्ञान’. दुकानदाराने सांगितले की हे गोळ्यांपेक्षा लवकर लागू पडते आणि पेटंट असल्यामुळे काळजीचे कारण नाही. वहिनींनी आपला नेहमीचा दम्याचा पंप (इनहेलर) उशाशी ठेवला आणि ही नळी वापरू लागल्या. पुढे एका रात्री खोकल्याची अशी उबळ आली की त्यांना बोलता येईना, आणि दादांनी मला फोन केला तेव्हा मागे त्यांच्या छातीतली शीळ मला फोनवरही ऐकू येत होती. रुग्णालयात छातीच्या डॉक्टरांनी ते खोके मागवून घेतले, उलटून पाहिले आणि संतापून बाजूला ठेवले. सुदैवाने वहिनी बऱ्या झाल्या.

ते खोके मी नंतर घरी आणून नीट वाचले. त्यावर औषध उत्पादन परवान्याचा क्रमांक कोठेही नव्हता. होता तो अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, जो लोणच्याच्या बरणीवरही असतो. पेटंटचा म्हणून छापलेला क्रमांक पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधला, तर तो नुसत्या अर्जाचा निघाला आणि त्या अर्जाची तपासणीही झालेली नव्हती. कोणताही अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, त्यात काही तथ्य असो वा नसो. प्रसिद्ध होणे आणि मंजूर होणे यांतील हा फरक झाकून माल खपवला जातो. पेटंट नसताना ते असल्याचे भासवणे हा त्याच कायद्याच्या कलम १२० खाली दंडनीय प्रकार आहे. पण ते कलम दुकानाच्या काउंटरपर्यंत पोहोचत नाही. काल आपला लेख वाचून वहिनींचाच फोन आला. ‘‘भावोजी, पेपरात तर चांगलं म्हटलंय. मग डॉक्टर एवढे का रागावले होते?’’ या प्रश्नाचे उत्तर, संपादक महोदय, मी दिले. पण ते देण्याची जबाबदारी आपल्या लेखकाची होती.

श्वासावाटे घ्यावयाचे औषध तपासणे किती कठीण असते हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. त्यासाठी कॅस्केड इम्पॅक्टर नावाचे उपकरण असते. धातूच्या आठ थाळ्या उतरंडीसारख्या एकावर एक रचलेल्या, प्रत्येक थाळीची छिद्रे वरच्या थाळीपेक्षा बारीक. मिनिटाला २८.३ लिटर या वेगाने हवा खेचली जाते, पंपाचा एक दाब आत सोडला जातो, आणि मग प्रत्येक थाळी स्वतंत्र धुऊन तिच्यावर किती औषध बसले ते मोजायचे. साधारण १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण फुप्फुसात उतरतात. त्याहून मोठे घशातच आपटतात आणि खोकला आणतात. एका थाळीचा आकडा मर्यादेबाहेर गेला तर कारण सापडेपर्यंत अख्खी बॅच अडकून पडे, आणि उत्पादन विभागाचे लोक दारात उभे असले तरी आम्ही सही करत नसू. वहिनींच्या त्या नळीतील भुकटी कोणत्या थाळीवर बसली असती, हे ती विकणाऱ्याला तरी ठाऊक होते काय?

पोटात गेलेल्या पदार्थाला आम्ल, आतडे आणि यकृत यांच्या चौक्या ओलांडाव्या लागतात. फुप्फुसाचा पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ आणि पसरला तर सुमारे ७० चौरस मीटर भरेल एवढा मोठा असतो. जे पोटाला चालते ते येथे चालेलच असे नाही. २०१९ साली अमेरिकेत याचा भयंकर अनुभव आला. ‘ई’ जीवनसत्त्वाचे एक रूप, व्हिटॅमिन ई अॅसिटेट, मलमांत आणि गोळ्यांत सर्रास वापरले जाते. तेच वाफ ओढण्याच्या पेनांत (ई-सिगारेटसारख्या नळ्यांत) मिसळले गेले आणि माणसे धापा टाकत रुग्णालयात आली. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथील रोगनियंत्रण केंद्राकडे २,८०७ रुग्णांची नोंद झाली होती आणि ६८ मृत्यू झाले होते. एका अभ्यासात ५१ पैकी ४८ रुग्णांच्या फुप्फुसांतील द्रवात ते अॅसिटेट सापडले. लेखात जीवनसत्त्वे श्वासावाटे घेण्याची एवढी थोरवी गायली आहे, आणि या घटनेचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

श्वासावाटे घ्यावयाच्या पूरकांची अडचण अमेरिकेलाही नवी नाही. तेथील १९९४च्या कायद्याप्रमाणे पूरक आहार हा गिळून घ्यावयाचा असतो. हार्वर्डचे प्राध्यापक डेव्हिड एडवर्ड्स यांनी कल्पिलेले ‘एअरोशॉट’ हे कॅफीनच्या भुकटीचे उत्पादन बाजारात आले, तेव्हा २०१२च्या मार्च महिन्यात तेथील अन्न व औषध प्रशासनाने कंपनीला ताकीद दिली की, वस्तू ओढायची आणि गिळायचीही असे दोन्ही म्हणणे दिशाभूल करणारे आहे. एडवर्ड्स हे या विषयातले नावाजलेले शास्त्रज्ञ; त्यांच्या नावामुळे नियम सैल झाला नाही.

याउलट ज्यांनी सरळ मार्ग धरला त्यांचे पाहा. श्वासावाटे घ्यावयाचे इन्सुलिन अफ्रेझा हे औषध म्हणून चाचण्यांतून गेले, २०१४ साली अमेरिकेत मंजूर झाले आणि आपल्या औषध नियंत्रकांनी त्याला डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. इतकी तपासणी होऊनही त्याच्या अमेरिकी माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा आहे: दमा वा फुप्फुसाचा जुनाट विकार असलेल्यांनी हे घेऊ नये, श्वासनलिका आकसू शकतात. आपल्या पानावरच्या चौकटीत दिलासा आहे आणि तपासलेल्या औषधाच्या चौकटीत इशारा आहे. आपल्या वाचकाने यांतल्या कोणत्या चौकटीवर विश्वास ठेवावा?

कपॅसिटर बिघडला तर तो फुगतो, काढून टाकता येतो. २००० नंतरच्या काही वर्षांत आतल्या सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे (वीजवाहक द्रवामुळे) संगणकांच्या मदरबोर्डांवरील कपॅसिटर मोठ्या संख्येने फुगले. कंपन्यांना फटका बसला, बोर्ड बदलले गेले आणि काम पुढे चालू झाले. माणसाच्या छातीत ही सोय नाही. म्हणून एकाच माणसाची दोन्ही क्षेत्रांतील पेटंटे एका मापाने मोजणे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट खटकली. यंत्रे आणि औषधे यांत सारखाच हात चालवणारा संशोधक आपल्याकडे झाला नाही, असे लेखाच्या शेवटी म्हटले आहे. मराठी दैनिकाने असे लिहावे याचे वाईट वाटते. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांनी छापखान्याचे खिळे (छपाईचे धातूचे अक्षर-ठसे) ओतण्याची यंत्रे केली, अनेक पेटंटे घेतली आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये आयोडीनपासून ‘अॅटोमिडीन’ हे औषधही तयार केले. ज्या माणसाने खिळ्यांसाठी आयुष्य वेचले त्याचे नाव वर्तमानपत्राला आठवू नये? बडोद्यात राहून मला हे अधिक लागते. येथे १९०७ साली प्रा. गज्जर, प्रा. कोटिभास्कर आणि अमीन यांनी अलेंबिकचा कारखाना उभारला आणि औषध करणे ही जोखमीची जबाबदारी आहे हे या गावाने पिढ्यान्‌पिढ्या जाणले. भिशांच्या हयातीत अमेरिकेत नवे औषध विकण्यापूर्वी ते निर्धोक असल्याचा पुरावा द्यावा लागत नसे. १९३७ साली सल्फानिलामाइड या जंतुविरोधी औषधाच्या विषारी द्रावणाने शंभराहून अधिक माणसे मेली तेव्हा कुठे १९३८ साली तसा कायदा झाला. तो कायदा त्या मृत्यूंमुळे मिळालेला आहे, आणि भुकटीला अन्न म्हणवून त्याला वळसा घालणे मला असह्य वाटते.

माझी आपणास विनंती आहे की येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात दुरुस्ती छापावी. त्यात त्या संशोधकाची कोणती पेटंटे मंजूर आहेत व कोणते नुसते अर्ज आहेत, कोणत्या देशात, आणि त्यांच्या पूरकांपैकी एकाला तरी कोणत्या औषध नियंत्रकाची मान्यता आहे काय, हे लिहावे. नसल्यास तसे स्पष्ट लिहावे. सोबत, दमा असलेल्यांनी असे काही घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, अशी एक ओळ द्यावी. माझ्या वहिनींकडील ते खोके आणि पेटंट कार्यालयाच्या नोंदीची प्रत मी जपून ठेवली आहे. आपल्या प्रतिनिधीस ती हवी असल्यास दाखवीन.

आपला,
एक निवृत्त औषध-तपासनीस
रावपुरा, बडोदे