शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्यांचे काय?

महोदय,

करोनाकाळात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया ‘तातडीच्या नाहीत’ म्हणून पुढे ढकलल्या गेल्या. अमेरिकेतील अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या बॅरिअ‍ॅट्रिक सर्जनांच्या संघटनेच्या अंदाजानुसार तेथे २०१९ मध्ये सुमारे २ लाख ५६ हजार शस्त्रक्रिया झाल्या, २०२० मध्ये दोन लाखांहून कमी, तर २०२१ मध्ये पुन्हा २ लाख ६२ हजारांवर. सरकारी आरोग्यसेवेवर भिस्त असलेल्या ब्रिटनमध्ये घसरण अधिक तीव्र होती. तीव्र लठ्ठपणा हाच करोनात जिवावर बेतणारा धोका ठरत असताना त्यावरचा उपचार थांबावा, हे क्लेशदायक आहे.

पण आकडे सावरले म्हणजे सगळे सावरले असे नाही. आधी शस्त्रक्रिया झालेल्यांच्या तपासण्याही त्या काळात हुकल्या. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढणे) किंवा बायपास (जठर लहान करून आतड्याच्या पुढच्या भागाला जोडणे) या शस्त्रक्रियांनंतर बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची पातळी पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी व पुढे दरवर्षी, आयुष्यभर पाहावी लागते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषले जात नाही. दोहोंत किमान दोन तास हवेत. सतत उलट्या होत असतील तर थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) झपाट्याने घटते. अशा रुग्णाला थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बायपास झालेल्यांनी आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांपासून दूर राहावे, त्यांनी जठर-आतड्याच्या जोडाजवळ अल्सर (व्रण) होऊ शकतो.

रुग्णालयांनी जुन्या याद्या काढून तपासणीला न आलेल्यांना स्वतःहून फोन करावेत. रक्ततपासणी घराजवळ आणि सल्ला व्हिडिओवर, ही सोय महासाथीतच रुळली. ती बंद करू नये.